ताप त्याला, घाम मला!

फ्रीलान्सर बाबाची एक गंमत असते. जगाच्या मते तो 'घरीच असतो'. त्यामुळे आमच्या अडीच वर्षांच्या बबड्याला ताप आला तेव्हा सुट्टी कोणी घ्यायची, यावर घरात चर्चाच झाली नाही. "अरे, माझं मंथ-एंड क्लोजिंग आहे. तू तर घरीच आहेस ना!" असं म्हणून बायको कंपनीची बस पकडायला पळालीसुद्धा. मास कॉमची डिग्री, दोन डेडलाइन्स आणि 101 ताप... सगळं माझ्या मांडीवर!

पहिला राउंड थर्मामीटरचा. काखेत धरायचा आणि 'बीप' होईपर्यंत थांबायचं, एवढंच काम. पण बबड्याने तो आधी त्याच्या हत्तीला लावला, मग टीव्हीच्या रिमोटला, मग मला. हत्ती ठणठणीत निघाला. खऱ्या पेशंटचा नंबर येईपर्यंत थर्मामीटरनेच मान टाकली. बॅटरी लो!

मग फोन सुरू झाले. साताऱ्याहून आई म्हणाली, "दात येत असतील रे." म्हटलं, "अगं, तोंड भरलंय दातांनी, कालच चावलाय मला!" "मग दृष्ट लागली असेल, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक." नाशिकहून सासूबाईंची ऑर्डर होती, स्वेटर घाला. डॉक्टर म्हणाले, स्वेटर काढा, सुती सैल कपडे घाला, थोडं-थोडं पाणी पाजत राहा आणि शू नीट होतेय ना, ते मोजा. मी मोजत होतो. तेवढ्यात एडिटर मॅडमचा फोन, "किती झालं?" मी बेसावध. "सकाळपासून तीनदा!" पलीकडे बराच वेळ शांतता. त्या कॉपीबद्दल विचारत होत्या.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण रात्री नऊला पारा 103 वर गेला आणि पॅरासिटामॉलची बाटली संपलेली. बायको त्याला घेऊन बसली. मी धावत कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवीन बाटली आणली आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे टोपीत साडेसात मिली ओतलं. बबड्याने तोंड घट्ट मिटलं. "हे नाही! गुलाबी पायजे!" मी समजावलं, गाणं म्हटलं, हत्तीलाही खोटं-खोटं पाजलं. ठाम नकार. शेवटी बायको वैतागली, "अरे, रंग वेगळा का आहे, बघ तरी!"

बघितलं. जुन्या बाटलीवर होतं, 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅम. नवीनवर 250! मी नुसतं 'लहान मुलांचं तापाचं सिरप द्या' म्हणालो होतो. बबड्याचं वजन 12 किलो. एका वेळचा डोस किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे फार तर 180. मी देत होतो 375. दुपटीहून जास्त! आणि रात्रभर असंच देत राहिलो असतो... पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हरला इजा होते. माझे हात थरथरायला लागले. डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "याचं साडेतीन मिली द्या. आणि पुढचा डोस सहा तासांनी."

त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही. पोरगं मलूल झालं, पाणी पिईना, श्वास घेताना धाप लागली किंवा झटका आला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. सुदैवाने वेळ आली नाही. पहाटे त्याला दरदरून घाम फुटला आणि सहा वाजता पेशंट पलंगावर उड्या मारत तूप-साखर-पोळी मागायला लागला.

आता आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. वजन, मिलिग्रॅम, मिली, वेळ. तुम्हीही आजच लावा. कारण प्रत्येक घरात इतका चोखंदळ पेशंट असेलच असं नाही!

बाय द वे, दोन दिवसांनी मला ताप आला. बबड्या रिकामी टोपी घेऊन हजर. "बाबा, आ कर. गुलाबी आहे!"