नाणे स्वस्त, टपाल महाग : घरपोच नाणेखरेदीचा हिशेब

तुडील हे महाड तालुक्यातले गाव, आणि रायगडही याच तालुक्यात. 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि स्वराज्याच्या नाण्यांवर अक्षरे उमटली : एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही त्या राज्याची नाणी. आज मात्र तुडीलच्या एखाद्या तरुणाला आपल्याच मातीतली शिवराई विकत घ्यायची असेल, तर ती बहुधा पुण्या-मुंबईच्या नाहीतर त्याहूनही लांबच्या विक्रेत्याकडून टपालाने मागवावी लागते. नाण्यांची प्रदर्शने आणि लिलाव मोठ्या शहरांत भरतात. खेड्यातल्या संग्राहकाच्या हाती उरतो तो मोबाइल.

ही सोय चांगलीच आहे. पण फोटोखाली लिहिलेली किंमत म्हणजे नाण्याची पूर्ण किंमत नव्हे. तिच्यात टपालखर्च मिळवावा लागतो, आणि पाकीट वाटेत हरवले तर नुकसान कोणाचे, या प्रश्नाचे उत्तरही पैसे देण्याआधीच मिळवावे लागते. नवे संग्राहक बहुतेक वेळा इथेच फसतात.

टपालाचा हिशेब

टपाल खात्याने 1 ऑक्टोबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आणि नवे दर लागू केले. 50 ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला एकाच शहरातल्या शहरात 19 रुपये, बाहेरगावी देशात कुठेही 47 रुपये. पाकीट फक्त पत्त्यावरच्या व्यक्तीच्याच हाती पडावे म्हणून नोंदणी हवी असेल तर 5 रुपये जास्त, ओटीपी घेऊन वाटप हवे असेल तर आणखी 5 रुपये, आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी.

उत्तर पेशवाईतली झिजलेली, साधी शिवराई शंभर रुपयांच्या आसपासही मिळते. एक नाणे मागवले तर 47 अधिक 5 अधिक 5, म्हणजे 57 रुपये. करासह ते सुमारे 67 रुपये होतात. शंभराच्या नाण्याला सदुसष्ट रुपयांचे टपाल! आता अशाच पाच शिवरायांचा विचार करा. पुठ्ठा आणि वेष्टन धरून वजन 50 ग्रॅमच्या पुढे जाते. पुढचा टप्पा 250 ग्रॅमपर्यंतचा, आणि 200 किलोमीटरच्या आतल्या अंतराला त्याचा दर 59 रुपये. नोंदणी, ओटीपी आणि कर धरून सुमारे 81 रुपये, म्हणजे नाण्यामागे सोळा-सतरा रुपये. स्वस्त नाणी एकेकटी मागवू नयेत. विक्रेत्याला सांगून महिन्याभराची खरेदी एकत्र बांधून घ्यावी, किंवा आसपासच्या दोघा-तिघा संग्राहकांनी मिळून मागवावी.

काही विक्रेते 'टपाल मोफत' म्हणतात. तो खर्च त्यांनी नाण्याच्या किमतीत धरलेला असतो. काही उलट करतात : नाणे अगदी स्वस्त दाखवतात आणि टपालापोटी दोनशे-अडीचशे रुपये मागतात. नाणे परत केले तर बहुतेक ठिकाणी फक्त नाण्याची रक्कम परत मिळते, टपालाची नाही. लिलावात तर बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क, त्यावर कर आणि शेवटी टपाल असे थर चढतात. एकूण किती रुपये द्यायचे हे लेखी विचारूनच बोली लावावी.

पाकीट हरवले तर

मालविक्री कायदा 1930 चा आहे. त्याच्या 39व्या कलमानुसार विक्रेत्याने ठरल्याप्रमाणे माल वाहतूकदाराच्या हवाली केला, की तो प्रथमदर्शनी खरेदीदाराला दिला असे धरले जाते. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर सौदा झाला, विक्रेत्याने पाकीट टपालात टाकून पावती पाठवली आणि ते वाटेत गहाळ झाले, तर तो हात झटकू शकतो. पण त्याच कलमात खरेदीदाराच्या बाजूचीही तरतूद आहे : मालाचे स्वरूप पाहून वाहतुकीची वाजवी व्यवस्था करणे ही विक्रेत्याची जबाबदारी. पाच हजारांचे नाणे त्याने साध्या लिफाफ्यात घालून विनानोंदणी पाठवले, तर खरेदीदार ते मिळाल्याचे मानायला नकार देऊ शकतो. म्हणून 'माझ्या हाती पडेपर्यंत जबाबदारी तुमची' हे एक वाक्य पैसे देण्याआधी संदेशात लिहून घ्यावे आणि त्यावर 'होय' मिळवावे.

स्पीड पोस्टने पाठवलेली वस्तू हरवली तर रूढ नियमानुसार मिळणारी भरपाई टपालशुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांपैकी कमी असेल तेवढीच. म्हणजे पाकीट पाच हजारांचे असो की पन्नास हजारांचे, विमा नसेल तर हाती शे-दीडशे रुपये येतात. महाग नाण्याचा विमा उतरवायलाच हवा. असे पाकीट गावच्या शाखा डाकघरातून घरी येईल की मोठ्या डाकघरात जाऊन घ्यावे लागेल, हेही आधी विचारून ठेवावे. खासगी कुरिअरची वाट आणखी बिकट. बहुतेकांच्या अटींत रोकड, सोने-चांदी आणि मौल्यवान वस्तू निषिद्ध असतात. विक्रेत्याने 'शोभेची वस्तू' लिहून नाणे पाठवले, तर ते हरवल्यावर दावाच उभा राहत नाही.

वेष्टन आणि कोकणचा पावसाळा

नाणे जड आणि कडक असते. कागदी लिफाफ्यात ते सुटे राहिले, तर टपालाच्या हाताळणीत कडेने कागद फाडून बाहेर पडते आणि हाती रिकामे पाकीट येते. नाणे चौकोनी पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये, तो होल्डर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये चिकटपट्टीने घट्ट बांधलेला, आणि हलवल्यावर आवाज नाही, अशी बांधणी हवी. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात. त्यांतून सुटणाऱ्या रसायनाने काही काळाने नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो.

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. 22 जुलै 2021 च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले होते. तांब्याचे नाणे ओल्या कागदात चार दिवस पडले तरी त्यावर हिरवे डाग धरू शकतात. जून ते सप्टेंबर महागडी खरेदी थांबवता आली तर उत्तम. नाही तर आत झिप लावलेली प्लॅस्टिक पिशवी आणि सिलिका जेलची पुडी घालायला सांगावे.

नाण्याऐवजी थाप

लक्ष्मीपूजनाच्या आधी चांदीच्या रुपयांची मागणी वाढते, आणि बनावट रुपयेही बाजारात येतात. राणी छाप किंवा पंचम जॉर्जच्या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम आणि चांदी सुमारे 91.7 टक्के. 1940 पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया निकेलचा निघाला. चांदी चुंबकाला चिकटत नाही. एक लहान डिजिटल काटा आणि एक चुंबक संग्राहकाच्या घरी असावाच. टपालाच्या पावतीवरही पाकिटाचे वजन छापलेले असते. असे दहा रुपये, म्हणजे जवळपास 117 ग्रॅम वजनाची नाणी मागवली आणि पावतीवर 60 ग्रॅम दिसले, तर पाकीट यायच्या आधीच जाब विचारता येतो.

स्वस्तात मिळणाऱ्या 'अस्सल शिवकालीन होना'वर मुळीच विश्वास ठेवू नये. खरे होन फारच दुर्मिळ आहेत. प्रतिकृती म्हणून विकलेली प्रतिकृती घरात जरूर ठेवावी, पण प्रतिकृतीच्याच किमतीला. पाकीट उघडताना पत्ता, शिक्के आणि आतले नाणे एकाच सलग व्हिडिओत घ्यावे. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

याची उलटी फसवणूक त्याहून क्रूर आहे. वैष्णोदेवीचे चित्र असलेले नाणे किंवा ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखांना विकत घेतो, असे सांगून आधी नोंदणी, मग कर, मग कुरिअर आणि विमा यांच्या नावाने पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर केले की ती अशा व्यवहारांत नाही आणि असे शुल्क कधीही मागत नाही. विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे असतील तर तो सौदा नव्हे. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर कळवावे.

कायद्याच्या सीमा

शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, अमेरिकेतल्या सख्ख्या भावालाही नाही. शेतात नांगरताना नाणी सापडली, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. रायगडाच्या परिसरात हे लक्षात ठेवणे फार गरजेचे, कारण सापडलेले नाणे गुपचूप विकले गेले की त्याच्यासोबत त्या जागेचा इतिहासही जातो.

व्यापाऱ्याने फसवले तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. तुडीलकराला विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही, रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर बोलता येते. घरातले एखादे नाणे विकणारा खासगी माणूस मात्र व्यापारी ठरत नाही. तिथे हा मार्ग अवघड होतो, म्हणून अनोळखी माणसाला सगळी रक्कम आगाऊ पाठवू नये.

या दिवाळीत नाणे मागवणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याला इतके विचारा : टपाल धरून एकूण किती, पाठवणार कशाने, विमा कितीचा, नाणे खोटे निघाले तर परत घेणार का, आणि परतीचे टपाल कोण भरणार. जो विक्रेता ही उत्तरे लिहून देतो त्याच्याकडून नाणे घ्या, मग ते चार पैसे महाग असले तरी चालेल. जो टाळतो त्याच्याकडून फुकटातही घेऊ नका.