उंची कमी झालेला कप्तान

तुमची उंची दरवर्षी वाढते. पण ऐन तारुण्यात एका धिप्पाड माणसाची उंची सुमारे ७ इंचांनी कमी झाली, असे सांगितले तर?

चार्ल्स मार्टेल हा अमेरिकन व्यापारी जहाजावरचा कप्तान. १९१८ नंतर त्याची हाडे दुखू लागली आणि किरकोळ पडण्यानेही मोडू लागली. पाठीचे मणके दबत गेले. लघवीतून पांढरी रेती जाऊ लागली. १९२६ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉ. युजीन ड्युबॉय यांनी त्याचे रक्त तपासले, तेव्हा त्यात कॅल्शियम फार जास्त आढळले. हाडांत कमी, रक्तात जास्त! असे का व्हावे?

आपल्या शरीरात सुमारे १ किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत व दातांत. रक्तात ते अगदी थोडे, पण स्नायूंचे आकुंचन आणि मज्जातंतूंचे संदेश त्यावरच चालतात. म्हणून १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढेच राखले जाते. ही राखण करतात गळ्यातल्या चार परावटु ग्रंथी, म्हणजेच पॅराथायरॉइड. प्रत्येक ग्रंथी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी!

तुमच्या घरावरच्या टाकीतला बॉलकॉक पाहा. पाणी उतरले की गोळा खाली येतो व नळ सुरू होतो. टाकी भरली की नळ बंद. तसेच रक्तातले कॅल्शियम उतरले की या ग्रंथी संप्रेरक सोडतात. त्यामुळे हाडांतून कॅल्शियम सुटते, मूत्रपिंडे ते राखून ठेवतात आणि 'ड' जीवनसत्त्व कार्यक्षम होऊन आतडी ते अधिक शोषतात. कॅल्शियम चढले की ग्रंथींनी गप्प बसायचे.

आता टाकी ओसंडून वाहत असताना नळ चालूच असेल, तर दोष नळाचा. पण नळ बंद असूनही टाकी वाहत असेल, तर पाणी दुसरीकडून येत आहे! निदानाचे मर्म हेच. कॅल्शियम वाढलेले असताना संप्रेरकही जास्त असेल, तर बहुधा ग्रंथीच बिघडलेली असते. संप्रेरक अगदी कमी असेल, तर कारण दुसरे. उदाहरणार्थ कर्करोग किंवा 'ड' जीवनसत्त्वाचा अतिरेक. हे संप्रेरक रक्तात मोजण्याची पद्धत १९६३ साली निघाली.

मार्टेलचा नळ बिघडला होता; पण तो होता कोठे? गळ्यावर सहा शस्त्रक्रिया झाल्या. हाती लागल्या त्या निरोगी ग्रंथी. गर्भावस्थेत खालच्या दोन ग्रंथी वरून खाली सरकत येतात. त्यातली एखादी छातीपर्यंत उतरते. छातीत शोधा, असा आग्रह खुद्द मार्टेलने धरला. १९३२ साली बोस्टनमध्ये सातव्या शस्त्रक्रियेत चर्चिल आणि कोप या शल्यविशारदांना ती गाठ छातीत सापडली. पण फार उशीर झाला होता. मूत्रपिंडे खराब झालेली होती. काही आठवड्यांतच मुतखड्याने त्याचा बळी घेतला.

आज हा विकार पुष्कळदा लक्षणे दिसण्यापूर्वीच साध्या रक्ततपासणीत कळतो. सोनोग्राफी आणि किरणोत्सारी द्रव्याने घेतलेल्या चित्रांच्या साहाय्याने गाठ आधीच हुडकतात व ती काढून टाकतात. विकार सौम्य असेल, तर रक्त, मूत्रपिंडे आणि हाडांची घनता वेळोवेळी तपासतात व पाणी भरपूर प्यायला सांगतात. मात्र दूध एकदम बंद करायचे नसते. आहारातून कॅल्शियम मिळाले नाही, तर ग्रंथी आणखीच चेकाळतात!

आता एक कोडे. दोन रुग्णांचे कॅल्शियम १२ मिलिग्रॅम आहे. पहिल्याचे संप्रेरक वाढलेले, दुसऱ्याचे जवळजवळ शून्य. गळ्याकडे कोणाच्या पाहावे आणि गोळ्यांच्या बाटल्या कोणाच्या तपासाव्यात? टाकी आठवा, उत्तर सापडेल.