लॅपटॉपला ऊब बाधते

जानेवारीतलं लेह. रात्री पारा उणे १५ अंशांच्या आसपास. गाडीत राहून गेलेला लॅपटॉप सकाळी उघडावा, तर बॅटरी ४० टक्के दाखवते आणि बघता बघता पडदा काळा! बॅटरी गेली म्हणावं, तर उबदार खोलीत काही तास ठेवल्यावर, चार्जरला हातही न लावता, तोच लॅपटॉप पुन्हा चालू होतो. मग मधल्या वेळात वीज गेली होती कुठे?

कुठेच नाही! बॅटरीत लिथियमचे आयन असतात. आपण वीज वापरतो तेव्हा ते ग्राफाइटमधून निघून समोरच्या ऑक्साइडच्या थरात शिरतात. चार्जिंग करताना उलटे परततात. ही ये-जा ज्या द्रवातून चालते, तो थंडीत दाट होतो. हिवाळ्यात खोबरेलाची बाटली उलटी केली आहे ना? तेल आहे, पण हातावर येत नाही. बॅटरीतला द्रव तितका थिजत नाही, पण आयनांची चाल मंदावायला तेवढं पुरतं. व्होल्टेज घसरतं आणि लॅपटॉप स्वतःला बंद करून घेतो. वीज आतच असते, अडकलेली.

अशा वेळी हात आपोआप चार्जरकडे जातो. तो आवरा! ग्राफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक रचलेले, प्रत्येकी एका अणूच्या जाडीचे पापुद्रे. आयन त्यांच्या फटींत जाऊन बसतात. शून्याखाली मात्र आत शिरायला वेळ लागतो आणि मागून नवे आयन येतच राहतात. मग ते बाहेरच, पृष्ठभागावर, धातू होऊन साचतात. त्यातलं बरंचसं लिथियम पुन्हा कामी येत नाही. बॅटरीची क्षमता कायमची घटते. साचलेल्या धातूला सुया फुटून त्या पलीकडे पोचल्या, तर आतल्या आत शॉर्टसर्किट. म्हणूनच गारठलेले कित्येक लॅपटॉप चार्जिंग सरळ नाकारतात. तो बिघाड नव्हे, शहाणपण आहे.

पडद्यावरची चित्रं फरफटल्यासारखी दिसली, तरी घाबरू नका. एलसीडीतले द्रवस्फटिक थंडीत आळसावतात, ऊब मिळताच ताळ्यावर येतात. हा अजब पदार्थ १८८८ मध्ये प्रागमधल्या फ्रीडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेला पडला, तोही गाजरातल्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करताना. गाजरातून लॅपटॉपचा पडदा!

खरा धोका पुढेच आहे, आणि तो उबेत आहे. २० अंशांची एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते. शून्य अंशांची जेमतेम ५. गारठलेला लॅपटॉप उबदार खोलीत आणला, की त्याला टेकलेली हवा एकदम थंड होते आणि न पेलणारी वाफ तिथेच पाणी होऊन उतरते. झाकणावर उतरलेलं पुसता येईल. मदरबोर्डवरचं कोण पुसणार? त्यात खोलीत चिमणीविना रॉकेलचा हीटर असेल, तर आणखी मौज: एक लिटर रॉकेल जळताना सुमारे लिटरभर पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. आगीतून पाणी!

उपाय मात्र अगदी साधा. बाहेर असतानाच लॅपटॉप पूर्ण बंद करून घट्ट झिपच्या पिशवीत घाला आणि तसाच आत आणा. पिशवीतली कोरडी हवा आतच राहते, दव जमतं ते पिशवीच्या बाहेरून. दोन-तीन तास ती उघडायची नाही; मोह होईल, पण नाहीच.

चालू लॅपटॉप रजईत गुंडाळून उबवण्याचा प्रयोगही नको. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथल्या उबदार खोलीतली हवा समुद्रकाठच्या तेवढ्याच उबदार हवेपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने विरळ. पंखा तेवढाच फिरला तरी उष्णता कमीच वाहून नेतो. त्यात रजईने झरोके बुजले, तर बाहेर बर्फ पडत असतानाही लॅपटॉप तापून बंद पडेल.