कुंथवू नका, किंचाळवू नका!

केळव्याहून माहीममार्गे पालघरला जाणारा रस्ता जवळजवळ सपाट. तरी एकाच मॉडेलच्या दोन मोटरसायकलींपैकी एक झकास अ‍ॅव्हरेज देते आणि दुसरीचा मालक पंपावर तोंड पाडून उभा असतो. गाडीला बोल लावण्याआधी डाव्या पायाची चौकशी करा. गियर तोच टाकतो.

पहिला गियर फक्त गाडी हलवायला. शंभर सीसीच्या, चार गियरच्या गाडीचा सपाटीवरचा ढोबळ हिशेब असा: ताशी 10-15 ला दुसरा, 25 च्या आसपास तिसरा, 35-40 ला चौथा. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या स्पीडोमीटरवर 1, 2, 3, 4 अशा खुणा असायच्या. गंमत म्हणजे अनेकांना वाटे, काटा तिथे पोचला की गियर टाकायचा. खरं तर ती त्या गियरची कमाल हद्द. तिथवर ताणलं की इंजिन किंचाळतं, फेऱ्या वाढतात, घर्षण वाढतं आणि पेट्रोल उगाच जळतं.

मग लवकरात लवकर टॉप गियर टाकला की काम झालं? तिथेच घोळ आहे. मागे बायको, मध्ये पोरगं, पुढे भाजीची पिशवी आणि चौथ्यात ताशी 20! हँडल थरथरतं, इंजिनातून ठकठक येते, गाडी कुंथते. कमी फेऱ्यांत ऑइल पंपही मंद फिरतो आणि नेमका तेव्हाच पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग यांच्यावर जास्त भार येतो. वर गाडी ओढत नाही म्हणून आपण अ‍ॅक्सिलरेटर पिळतो, म्हणजे वाचवायला निघालेलं पेट्रोलही जातं. मूठ पिळूनही वेग वाढत नसेल तर एक गियर खाली. त्यात कमीपणा नाही.

आता वाघोबा खिंडीकडे या. पालघर-मनोर रस्त्यावरच्या या खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे, आणि उतार लागला की गाडी न्यूट्रल करणारे महाभागही आहेत. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. अशा गाडीत गियर तसाच ठेवून मूठ पूर्ण सोडली, तर उतारावर इंजेक्टर सहसा पेट्रोल बंदच करतो; इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रल केलंत, की इंजिन चालू ठेवायला त्याला पुन्हा पेट्रोल लागतं! कार्ब्युरेटरच्या गाडीला हा फायदा नाही, पण इंजिनाचा ब्रेक दोघींनाही मिळतो. पावसाळ्यात ओल्या वळणावर तो फुकटचा ब्रेक सोडणं हा शुद्ध वेडेपणा.

थोडी जुनी मजा. जुन्या येझदीची किक आणि गियरचा दांडा एकच: किक मारायची, दांडा वळवायचा, त्यानेच गियर टाकायचे. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. उसनी बुलेट घेणारा पहिल्या चौकातच देवाचं नाव घेई. पुण्याच्या लुनाने 1972 मध्ये गियरच काढून टाकले आणि प्रश्न संपवला.

बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गियर आणि क्लच प्लेटा एकाच ऑइलमध्ये भिजतात. म्हणून कारचं उरलेलं ऑइल मोटरसायकलला घालू नये. त्यातल्या घर्षण घटवणाऱ्या रसायनांनी क्लच घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए 2' लिहिलेलं बघून घ्या.

किनाऱ्यावरच्यांसाठी खास: केळव्याचा खारा वारा आणि वाळू चेनचा घास घेतात. चेन ढिली, कोरडी झाली की गियर बदलताना झटका बसतो आणि लोक गियरबॉक्स उघडायला निघतात. आधी चेन पुसा, तेल द्या, ताण तपासा.

बोईसरला तारापूर एमआयडीसीची पाळी सुटते तेव्हाच्या गर्दीत पहिला-दुसरा गियर अटळ. तिथे अर्धा क्लच दाबून सरकत राहू नका. रांग थांबली की न्यूट्रल, लांबली की इंजिन बंद. आणि क्लचवर दोन बोटं टेकवून गाडी चालवायची सवय असेल तर ती आजच सोडा. प्लेटा जळाल्या की महिन्याभरात वाचवलेलं पेट्रोल मेकॅनिकच्या एका बिलात जातं.