जुन्या घराची खिडकी, आपल्याच हातांनी

कोकणात आज अशी कितीतरी घरे आहेत, ज्यांच्या चाव्या मुंबईत किंवा आखाती देशांत आहेत. काही घरांत वडीलधारी दोघेच राहतात. मुले वर्षातून एकदा सुटीवर येतात तेव्हा घर उघडते, झाडले जाते आणि पुन्हा बंद होते. अशा घराची पडझड छपरापासून आणि खिडक्यांपासून सुरू होते.

त्यातही पश्चिमेची खिडकी आधी जाते, कारण पावसाचा मारा त्याच बाजूने असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हे पाणी चौकटीच्या खालच्या लाकडात मुरते, लाकूड मऊ पडते आणि मग वाळवी लागते. सुटीवर आलेला मुलगा म्हणतो, "अब्बा, हे सगळे काढून स्लायडिंग बसवून टाकू." या एका निर्णयाने घर सावरू शकते किंवा भिंतीला नवे दुखणे लागू शकते. म्हणून हातोडा उचलण्यापूर्वी थोडा विचार करावा.

बदलायची आहे का, हे आधी ठरवा

टोकदार खिळा किंवा पेचकस घेऊन चौकटीच्या लाकडात जागोजागी टोचून पाहा. सहज आत घुसला तर लाकूड कुजले आहे आणि टणक लागला तर शाबूत आहे. पुष्कळदा फक्त खालचे आडवे लाकूड आणि उभ्या लाकडांची तळाची वीतभर टोके खराब झालेली असतात. तेवढाच भाग कापून नवा जोड देता येतो. जुने सागवान किंवा फणसाचे लाकूड वर्षानुवर्षे वाळून स्थिर झालेले असते. ते फेकून ओले लाकूड आणणे म्हणजे पैसा वाया घालवणे, आणि उधळपट्टी आपल्याला शोभत नाही.

खिडकीची रचनाही पाहा. जुन्या घरांत चार झडपांच्या खिडक्या आढळतात, दोन खाली आणि दोन वर. खालच्या लावून घेतल्या की रस्त्यावरून आतले दिसत नाही आणि वरच्या उघड्या ठेवल्या की वारा खेळतो. घरातील स्त्रियांना पडदाही राहतो आणि घुसमटही होत नाही. दोन रुळांची सरकती खिडकी मात्र एका वेळी अर्धीच उघडते. तिच्या रुळात माती साचून पाणी जाण्याची भोके बुजली, की तेच पाणी घरात येते.

भिंत काय सांगते?

जुन्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या असतात आणि दर्जा चुन्याचा किंवा मातीचा असतो. ही भिंत ओल शोषते आणि उन्हात सोडून देते. चौकटीभोवती घट्ट सिमेंट भरले तर ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती लाकडाकडे वळते. म्हणून जुन्या भिंतीला चुनाच मानवतो.

खिडकीच्या वरचा भार कोण उचलतो, हेही पाहिले पाहिजे. चौकटीच्या वर वेगळा लाकडी पाट, दगडी पट्टी किंवा कमान असेल आणि ती सरळ, न तडकलेली असेल, तर चौकट काढता येते. पण पाट वाकला असेल, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेली असेल, भिंतीला पोट सुटले असेल किंवा माळ्याची तुळई नेमकी खिडकीवर टेकली असेल, तर तेथे आपण थांबावे. असे काम अनुभवी गवंडी आणि सुतार यांनी टेकू देऊनच करायचे असते. भिंतीतले भोक वाढवण्याचे कामही त्यांचेच.

माप आणि लाकूड

रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. उंचीही तीन ठिकाणी मोजा. शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापे घ्या. जुन्या घरात ही मापे क्वचितच जुळतात. सर्वांत लहान माप धरून चौकट चारही बाजूंनी सुमारे १० मिलिमीटर लहान करून घ्यावी. भिंत वाकडी असली तरी चौकट काटकोनातच हवी. उरलेली फट दगडाच्या कपच्या आणि चुन्याने भरता येते, पण वाकडी चौकट पुढे झडपांना छळते.

लाकूड वाळलेले घ्या. पाडलेल्या घराचे जुने सागवान मिळाले तर उत्तमच. खालच्या लाकडाला बाहेरच्या बाजूने उतार हवा आणि त्याची कड भिंतीपासून थोडी पुढे असावी. पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला एक लांब खाच मारून घ्या. पाणी तेथेच गळून पडते आणि मागे भिंतीकडे जात नाही. ही छोटी खाच खिडकीचे आयुष्य कितीतरी वाढवते.

काम असे करावे

पावसाळा संपला, भिंत सुकली की काम काढावे. आधी झडपा बिजागऱ्यांतून सोडवून घ्या. उभी लाकडे मधोमध करवतीने कापून आत ओढा. जुन्या चौकटीच्या आडव्या लाकडांची टोके भिंतीत गेलेली असतात, म्हणून तीही मधोमध कापून हळूहळू सोडवावीत. पहारीने हिसके देऊ नयेत, चिरे सैल होतात.

नव्या चौकटीच्या भिंतीला टेकणाऱ्या बाजूंना डांबर किंवा वाळवीरोधक लावून सुकू द्या. प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट, म्हणजे भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, बसवा. चौकट जागेवर उभी करून पाचरी मारा. ओळंब्याने उभी बाजू तपासा, पाणसळीने आडवी बाजू तपासा आणि दोन्ही तिरकी मापे सारखी येतात का ते पाहा. मगच चुना भरा. एक भाग विरवलेला चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू घ्यावी, त्यात भाजक्या विटेची थोडी भुकटी घातली तर पकड चांगली येते. फट आधी पाण्याने भिजवा आणि काम झाल्यावर आठवडाभर ओले गोणपाट लावून ठेवा. चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा वापरा.

झडपा बसवताना चौफेर दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा, कारण पावसाळ्यात लाकूड फुगते. शेवटी अळशीचे तेल किंवा चांगला रंग द्या. लाकडाच्या कापलेल्या टोकांना तो न विसरता द्यावा, कारण पाणी सर्वांत आधी तेथूनच शिरते.

मुलांसाठी सावधगिरी

जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, चुरा ओल्या फडक्याने उचला आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवा.

गजांमधील अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी असावे. पण घरातील निदान एका खिडकीची जाळी आतून उघडणारी ठेवा. आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट असते.

शेजाऱ्याचा हक्क

खिडकी बदलताना तिची जागा किंवा उंची बदलणार असाल, तर ती कोणाच्या अंगणात उघडते हे आधी पाहा. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' ही कायदेसंहिता तयार झाली. शेजाऱ्याचे स्वयंपाकघर, विहीर किंवा अंगण, म्हणजे स्त्रियांच्या वावराच्या जागा, खिडकीतून दिसत असतील, तर तिने ती मोठी हानी मानली. उपाय मात्र खिडकी बुजवण्याचा नव्हता. आड भिंत घाला किंवा फळ्यांचा आडोसा करा, इतकेच सांगितले. खिडकी माणसाच्या उंचीपेक्षा वर असेल तर ती बंद करा, असे शेजाऱ्याला म्हणता येत नसे. आपल्या वाडीतही हाच तोल उपयोगी पडतो. शेजाऱ्याशी आधी बोलावे, गरज असेल तर ग्रामपंचायतीत विचारावे आणि घर सामायिक असेल तर भावा-बहिणींची संमती घ्यावी.

एका सुटीत एक खिडकी

सगळे घर एकदम दुरुस्त करायचे म्हटले की खर्चाचा आकडा पाहून काम पुढच्या वर्षावर जाते आणि तोवर आणखी एक पावसाळा भिंतीत मुरतो. त्यापेक्षा एका सुटीत एकच खिडकी घ्यावी, जास्तीत जास्त पाणी आत येते ती. माप मुलीला घेऊ द्या, ओळंबा मुलाच्या हाती द्या आणि आजोबांना खुर्ची देऊन जवळ बसवा. कोणते लाकूड कोठून आणले होते, कोणती भिंत नंतर घातली, हे त्यांनाच ठाऊक असते. पुढच्या पावसात ती खोली कोरडी राहिली, तर दुसऱ्या खिडकीचे काम, इन्शाअल्लाह, मुलेच आठवणीने काढतील.