कुरडईचं खोकं आणि ऑनलाइन दुकान

ऑनलाइन दुकान काढायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्यावर काढू?’ शॉपिफाय, वूकॉमर्स, अ‍ॅमेझॉन, मीशो, की नुसतं व्हॉट्सअ‍ॅपच बरं? छोट्या उद्योगांना अशी दुकानं उभी करून देणं हे माझं काम आहे. या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देत नाही. आधी विकायचा माल मागवते, तो ज्यात भरून पाठवणार ते खोकं मागवते, आणि वजनकाटा व मोजपट्टी घेऊन बसते. कुठला प्लॅटफॉर्म चालेल याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका बचत गटाचं उदाहरण सांगते. गटाचा माल म्हणजे उडदाचे पापड, सांडगे, कांदा-लसूण मसाला आणि गव्हाच्या कुरडया. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात त्यांचा स्टॉल लागायचा आणि तिथे आलेल्या गिऱ्हाइकांचे नंबर एका वहीत लिहिलेले होते. त्यातल्या कितीतरी जणी पुढे वर्षभर फोन करून विचारायच्या, ‘कुरडया पाठवाल का?’ मागणी होती, माल उत्तम होता. गहू नीट आंबवून, त्याचा चीक शिजवून, सोऱ्यातून घातलेली आणि कडक उन्हात वाळलेली अशी कुरडई शहरातल्या दुकानात सहज मिळत नाही.

एक किलो कुरडया भरलेलं खोकं मी मोजलं. लांबी ३० सेंटिमीटर, रुंदी २५, उंची २०. कुरिअर कंपन्या या तिन्हींचा गुणाकार करून त्याला साधारणपणे ५,००० ने भागतात. १५,००० भागिले ५,००० म्हणजे ३. प्रत्यक्ष वजन आणि हे आकारमानी वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे लागतात. म्हणजे या खोक्याला तीन किलोंचं भाडं.

“अवो ताई, काट्यावर सव्वा किलोबी भरंना की ते,” काकू म्हणाल्या. गटाच्या अध्यक्षांना सगळे काकूच म्हणतात.

खोकं लहान करून चालत नव्हतं, कारण दाबून भरलं की कुरडईचा चुरा होतो. याउलट एक किलो पापड इतके घट्ट बसतात की त्यांचं आकारमानी वजन खऱ्या वजनाच्या खालीच राहतं. एकाच घरात, एकाच उन्हात वाळलेल्या दोन जिनसा, आणि पाठवणीचा हिशेब मात्र अगदी उलटा. दुकानाच्या सॉफ्टवेअरला हा फरक कळायला हवा. नाहीतर ‘सगळीकडे ६० रुपये डिलिव्हरी’ अशी पाटी लावून प्रत्येक कुरडईच्या ऑर्डरला गट स्वतःच्या खिशातून भाडं भरत राहील.

शॉपिफायमध्ये वजनाच्या टप्प्यांप्रमाणे दर लावता येतात. तिथे कुरडईच्या वजनाच्या रकान्यात एकाऐवजी तीन किलो टाकले की काम भागतं. वूकॉमर्समध्ये वजनाप्रमाणे दर लावायला वेगळं प्लगिन घ्यावं लागतं, पण मूळ सोयीतच ‘शिपिंग क्लास’ आहे. कुरडईसारख्या फुगीर मालाचा एक क्लास करून त्याला वेगळा दर देता येतो. शिवाय पिनकोडप्रमाणे विभाग पाडता येतात, म्हणजे सातारा-कराडच्या गिऱ्हाइकाला स्वस्त आणि नागपूरच्या गिऱ्हाइकाला त्या मानाने जास्त. जाहिरातीतल्या तुलनेच्या तक्त्यात दोघांपुढेही ‘शिपिंग’ या शब्दाला बरोबरची खूण असते. खोकं मोजल्याशिवाय त्या खुणेला काही अर्थ नाही.

या दोन व्यवस्थांचा स्वभावच वेगळा आहे. कॅनडातल्या ओटावा इथे टोबियास ल्युटके यांना स्नोबोर्ड ऑनलाइन विकायचे होते. बाजारातली सॉफ्टवेअर पसंत पडेनात म्हणून त्यांनी स्वतःच एक लिहिलं आणि त्यातून २००६ मध्ये शॉपिफाय सुरू झालं. वूकॉमर्स २०११ मध्ये वर्डप्रेसला जोडायचं प्लगिन म्हणून आलं. ते मुक्त आहे, सॉफ्टवेअरचे पैसे लागत नाहीत, पण होस्टिंग, अपडेट, बॅकअप हे सगळं आपण बघायचं. एक भाड्याचा गाळा, तर दुसरी स्वतःची जागा. भाड्याच्या गाळ्याचं छप्पर गळलं तर मालक बघतो, स्वतःच्या जागेचं आपल्यालाच शाकारावं लागतं.

आता भाड्याचा हिशेब. समजा, ऑर्डर ८०० रुपयांची आहे. पेमेंट गेटवे साधारण २ टक्के घेतो, म्हणजे १६ रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १९ रुपये गेले. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतलं जाणारं व्यवहार शुल्क, शून्य आहे, तरी गेटवे कंपन्या आपलं सेवाशुल्क लावतातच, हे ऐकून गटातल्या बायका चकित झाल्या. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात नाही. बाहेरचा गेटवे जोडला की बेसिक प्लॅनवर आणखी २ टक्के जातात. म्हणजे आणखी १६. शिवाय महिन्याचं भाडं आहेच. वाळवणाचा धंदा हंगामी असतो. फाल्गुनात बुकिंग, चैत्र-वैशाखात माल, आणि मृगाच्या सुमारास विक्रीचा जोर. श्रावणात ऑर्डरी तुरळक झाल्या तरी भाडं थांबत नाही.

नुसते आकडे पाहिले तर वूकॉमर्स सरळ सरळ स्वस्त पडत होतं, आणि मीही त्याच बाजूने झुकले होते. म्हणून दोन्हीकडे चाचणीची दुकानं मांडून खऱ्यासारखी ऑर्डर टाकून बघितली. ही पायरी मी कधीच गाळत नाही. ऑर्डर टाकायला वहीतल्याच एका गिऱ्हाईक बाईंना विनंती केली. डोंबिवलीच्या साठीतल्या बाई, फोन त्यांचा स्वतःचा. पहिलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने होते, त्यांनी पहिल्यातच पूर्ण नाव लिहिलं. पत्ता मराठीत टाकला. इथवर दोन्ही दुकानांनी निभावलं. मग वूकॉमर्सच्या दुकानावर बिलाची पीडीएफ काढली. त्यातल्या ‘किलो’मधली पहिली वेलांटी क च्या मागे जाऊन पडली होती, जोडाक्षरं फुटली होती. बिल बनवणारी बरीच साधनं देवनागरीची अक्षरं नीट जुळवत नाहीत. त्यावर उपाय आहे, वेगळं प्लगिन, वेगळा फॉन्ट, थोडी खटपट. पण ती खटपट करणार कोण?

तिथे खरा प्रश्न उघडा पडला. गटाकडे लॅपटॉप नव्हता. दुकान चालणार होतं सचिव ताईंच्या फोनवरून, आणि सचिव काही कायमच्या नसतात. प्लगिनची अपडेट आली आणि भर हंगामात दुकान बंद पडलं, तर ते उठवायला गावात कोणी नव्हतं. मी साताऱ्यात नाही, पुण्यात असते. माझ्यावर अवलंबून राहणारं दुकान त्यांच्या गळ्यात बांधणं मला पटेना. म्हणून जास्त टक्के जात असूनही मी त्यांना भाड्याचा गाळाच सुचवला. घरात संगणक शिकलेलं, टिकून राहणारं माणूस असतं तर उलटा सल्ला दिला असता.

मार्केटप्लेसचं काय? तिथे नवं गिऱ्हाईक आयतं मिळतं, हे खरं. मीशोने २०२१ मध्ये कमिशन शून्यावर आणल्यापासून कितीतरी लहान विक्रेते तिकडे गेले. पण तिथलं गिऱ्हाईक आपलं होत नाही. त्याचा नंबर आपल्या वहीत येत नाही, पुढच्या चैत्रात त्याला ‘यंदाच्या कुरडया तयार आहेत’ असा निरोप धाडता येत नाही. दुसरी अडचण कॅश ऑन डिलिव्हरीची. विक्रेते ज्याला ‘आरटीओ’ म्हणतात, ते न स्वीकारलेलं पार्सल दोनदा प्रवास करून परत येतं. पापड त्यातूनही तगतात. कुरडईचं काय होतं ते सांगायला नको. स्वतःच्या दुकानात कॅश ऑन डिलिव्हरी बंद ठेवता येते, मार्केटप्लेसवर ते बहुधा आपल्या हातात नसतं. म्हणून आम्ही माल वाटून घेतला. पापड आणि मसाला मार्केटप्लेसवरही, कुरडई फक्त स्वतःच्या दुकानात आणि तीही आगाऊ पैसे घेऊन.

मसाल्याबाबत आणखी एक गाठ होती. पापडाला जीएसटी नाही, मसाल्याला आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात मार्केटप्लेसवर विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीतून सूट मिळाली आहे. नोंदणी होईपर्यंत आम्ही मसाल्याला वेगळं शिपिंग प्रोफाइल करून तो महाराष्ट्रापुरता ठेवला. बंगळुरूच्या पत्त्यावर तो पाठवायला गेलं की दुकानच नाही म्हणतं. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर त्यांच्या पाकिटांवर आधीच होता, तो प्रत्येक जिनसेच्या पानावरही टाकला.

व्हॉट्सअ‍ॅप बंद केलं नाही. जुनी गिऱ्हाइकं तिथेच येतात, त्यांना दुकानाची लिंक जाते. फोनवर घेतलेली ऑर्डरही सचिव ताई दुकानातच नोंदवतात, म्हणजे शिल्लक किती ते एकाच जागी दिसतं. कुरडई संपली की पुढच्या चैत्रापर्यंत ती पुन्हा होत नाही, त्यामुळे ही शिस्त सोडून चालत नाही.

तुम्ही दुकान काढणार असाल तर एक विनंती आहे. कुठलाही प्लॅटफॉर्म घ्या, पण वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी, फुकट चाचणीच्या दिवसांतच, माल, ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांची यादी एक्सपोर्ट करून ती फाईल स्वतःच्या फोनवर उघडून बघा. डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या, दुकान बांधून देणाऱ्याच्या नाही, माझ्याही नाही. उद्या प्लॅटफॉर्म बदलावा लागला तर या दोनच गोष्टी तुमच्यासोबत येतील.