पेशी मरताना दाहकारक प्रथिने बाहेर कशी पडतात?

'पायरोप्टोसिसमध्ये पेशी फुटते आणि आतली प्रथिने बाहेर येतात' हे उत्तर मला उत्तरपत्रिकांमध्ये वारंवार दिसते. ते अपुरे आहे. धरणाचे दार उघडून पाणी सोडणे आणि धरण फुटणे या दोन वेगळ्या घटना आहेत. येथेही तसेच आहे.

१. मूळ अडचण

जंतूंची चाहूल लागली की मॅक्रोफेज पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा हे प्रथिन तयार करते. ते आधी सुमारे ३१ किलोडाल्टन वजनाच्या निष्क्रिय रूपात असते. पेशीबाहेर जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या टोकाला एक संकेत-साखळी असते. ती प्रथिनाला गॉल्जी यंत्रणेच्या मार्गावर नेते. या प्रथिनाला ती साखळीच नाही. म्हणजे माल तयार आहे, पण नेहमीचा रस्ता बंद आहे.

२. कात्री : कॅस्पेस-१

जिवाणूंची विषे किंवा गाउट रोगातील युरिक आम्लाचे स्फटिक यांसारखा धोका जाणवला की पेशीत 'इन्फ्लमासोम' नावाचा प्रथिनसमूह जुळतो. ही संकल्पना २००२ मध्ये युर्ग चॉप यांच्या गटाने मांडली. इन्फ्लमासोम कॅस्पेस-१ या विकराला जागे करतो. हे विकर दोन ठिकाणी काप घेते :

(अ) निष्क्रिय इंटरल्यूकिन कापून १७ किलोडाल्टनचे सक्रिय रूप तयार होते.
(आ) गॅसडर्मिन डी या प्रथिनाचे दोन तुकडे होतात.

३. दार : गॅसडर्मिन डी

गॅसडर्मिन डीचा मागचा अर्धा भाग पुढच्या भागाला रोखून धरतो. काप बसताच पुढचा भाग मोकळा होतो. असे अनेक तुकडे पेशीपटलात कडे करून बसतात आणि छिद्र तयार होते. ही भूमिका २०१५ मध्ये चीनमधील फेंग शाओ आणि अमेरिकेतील विश्व दीक्षित यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवली.

छिद्राचा आतला व्यास सुमारे २१ नॅनोमीटर, तर सक्रिय इंटरल्यूकिनचा सुमारे ४.५ नॅनोमीटर. मग निष्क्रिय रूपही सहज बाहेर का पडत नाही? कारण छिद्राच्या आतील बाजूवर ऋण प्रभार असतो. निष्क्रिय रूपाला जोडलेला जादा भागही ऋणप्रभारित असल्याने ते मागे ढकलले जाते. छिद्र आकाराबरोबर प्रभारही पाहते. छिद्रे थोडी असतील तर पेशी ती दुरुस्त करून जिवंतही राहू शकते.

४. फुटणे : निंजुरिन-१

छिद्रे वाढली की आयन व पाणी आत शिरते आणि पेशी फुगते. पुढे ती केवळ दाबाने फुटते, असे बराच काळ मानले जाई. २०२१ मध्ये दिसले की पटल फाडण्याचे काम निंजुरिन-१ हे प्रथिन करते. ते नसलेल्या उंदरांच्या मॅक्रोफेज पेशी मेल्या, पण फुग्यासारख्या तशाच राहिल्या. त्यांतून इंटरल्यूकिन बाहेर आले. लॅक्टेट डिहायड्रोजिनेजसारखी मोठी प्रथिने मात्र बरीचशी आतच अडकली.

५. हा क्रम का महत्त्वाचा?

पायरोप्टोसिसमुळे पेशीत लपलेल्या जिवाणूंचा आसरा जातो आणि शेजारच्या पेशींना इशारा मिळतो. हीच क्रिया शरीरभर भडकली तर सेप्सिसमध्ये जिवावर बेतते. कॅनाकिनुमॅब हे औषध बाहेर पडलेले इंटरल्यूकिन-१ बीटा पकडते. दार ते बंद करत नाही. २०१७ च्या मोठ्या चाचणीत, आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये त्याने पुढील हृदयघटना कमी केल्या, पण प्राणघातक संसर्ग किंचित वाढले. दाह दाबताना संरक्षणही कमी होते, हे विसरू नका. म्हणून औषधाने कात्री, दार की फुटणे यांपैकी काय रोखायचे, हा आज संशोधनाचा खरा प्रश्न आहे.

स्वाध्याय

१. पेशींभोवतीच्या द्रवात इंटरल्यूकिन-१ बीटा भरपूर, पण लॅक्टेट डिहायड्रोजिनेज जवळजवळ नाही. कोणती पायरी घडली आणि कोणती नाही?
२. गॅसडर्मिन डी नसलेल्या पेशीत कॅस्पेस-१ सक्रिय केले, तर सक्रिय इंटरल्यूकिन कोठे सापडेल? कारण द्या.